पेनाचं टोपण पोटात गेलं तर

पोराने पेनाचं टोपण गिळलं की आजी आधी केळं आणते. केळ्याने टोपण पुढे सरकत नाही; घशात अडकलेलं असेल तर उलट पंचाईत वाढते. छोटा, गुळगुळीत तुकडा पचत नाही, पण बहुधा काही दिवसांत शौचावाटे निघून जातो. टोकदार किंवा लांब तुकडा मात्र आतड्याला इजा करू शकतो. लाळ गळणं, गिळताना दुखणं, उलट्या, पोट फुगणं दिसलं की लगेच दवाखाना. मुद्दाम उलटी काढू नये. साधं प्लास्टिक एक्स-रेत सहसा दिसत नाही, तेव्हा नुसत्या स्वच्छ फोटोवर विसंबू नये.

खरी भीती श्वासनलिकेची: अचानक ठसका, शिट्टीसारखा श्वास. बऱ्याच टोपणांच्या शेंड्याला भोक असतं ना, ते याचसाठी. टोपण अडकलंच तर थोडी हवा जात राहावी म्हणून.