पोळा ते दसरा

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर ऊसतोडीला निघण्याची लगबग सुरू होते. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. गाड्यांची डागडुजी होते, बैलांना पत्र्या मारल्या जातात, आणि मग ट्रकमधून माणसे, भांडीकुंडी, गुरे असा सगळा संसार कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात निघतो. गाडीवानाच्या घरात कमावणारे हात मोजायचे, तर नवरा-बायकोच्या बरोबरीने बैलजोडीही मोजावी लागते. बैल बसला तर गाडी थांबते, आणि उचल मात्र डोक्यावर तशीच राहते.

2022 साली या वाटेवर लम्पी त्वचारोग आडवा आला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रोगाची लागण आढळली आणि काही आठवड्यांत ती राज्यभर पसरली. सप्टेंबरमध्ये गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले. साखर कारखान्यांचे गाळप 15 ऑक्टोबरपासून सुरू व्हायचे होते. गुरे हलवायची तर कानात बिल्ला हवा, आरोग्य तपासणीचा दाखला हवा आणि लस टोचून 28 दिवस उलटलेले हवेत, असे नियम होते. लस टोचली की जनावर लगेच सुरक्षित झाले, असे समजणाऱ्याला हे 28 दिवस जाचक वाटतील. बैलाच्या शरीरात त्या काळात काय घडते ते पाहिले, की अटीमागचे कारण उमगते.

लम्पीचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला. तो 1929 साली आफ्रिकेत झांबियात प्रथम नोंदला गेला आणि 2019 मध्ये ओडिशातून भारतात त्याची पहिली नोंद झाली. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड त्याला एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. कातडीवर गाठी येतात, ताप चढतो, जनावर खाणे सोडते. हा रोग माणसाला होत नाही. पण माशी चावल्यापासून गाठ दिसेपर्यंत बरेच दिवस जाऊ शकतात, आणि आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य नियमांत हा काळ जास्तीत जास्त 28 दिवसांचा धरला आहे. म्हणजे वरून धडधाकट दिसणाऱ्या बैलाला आधीच लागण झालेली असेल, तर ती या मुदतीत उघडी पडते. अटीचा हा एक उपयोग. दुसरा उपयोग लसीला तिचे काम करायला वेळ देण्याचा.

लस कातडीखाली जाताच तिथल्या पांढऱ्या पेशी काही तासांत जागेवर पोहोचतात. जे परके दिसेल ते गिळायचे, हे त्यांचे काम, आणि ते करताना कोणता रोग हे त्या पाहत नाहीत. टोचल्या जागी आलेली लहान गाठ, एक-दोन दिवसांचा ताप, दुभत्या गाईचे थोडे कमी झालेले दूध ही या पहिल्या फळीच्या कामाची चिन्हे असतात. त्यांतल्या काही पेशी विषाणूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात. तिथे लाखो पेशींतून नेमक्या त्या तुकड्याशी जुळणाऱ्या पेशी निवडल्या जातात आणि त्यांची संख्या वाढू लागते. पहिली प्रतिपिंडे रक्तात यायला साधारण आठवडा लागतो. ती घाईत बनलेली, ढोबळ असतात. पुढच्या दोन आठवड्यांत अधिक नेमकी, अधिक टिकाऊ प्रतिपिंडे तयार होतात, लागण झालेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पेशी वाढतात आणि काही पेशी त्या रोगाची आठवण धरून वर्षानुवर्षे मागे राहतात. हे सगळे जुळून यायला सुमारे 3 आठवडे लागतात. ट्रकमध्ये चढवण्याच्या आदल्या दिवशी टोचलेली लस म्हणूनच प्रवासात उपयोगी पडत नाही.

त्या वर्षी महाराष्ट्रातल्या गुरांना जी लस दिली गेली, ती मुळात शेळ्यांच्या देवीची होती. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तिन्ही विषाणू इतके जवळचे नातलग आहेत, की एकाची ओळख झालेले शरीर दुसऱ्यालाही अडवते. ही युक्ती जुनी आहे. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या 3 वर्षांच्या मुलीला माणसाच्या देवीवरची लस टोचली गेली, आणि ती गाईच्या देवीपासून मिळालेली होती. भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण. गाईच्या रोगाने माणूस वाचला, आणि 220 वर्षांनी शेळीच्या रोगाने गाईबैलांना आधार दिला. दरम्यान हिस्सार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी खास लम्पीच्या विषाणूपासून ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लस तयार केली, आणि पुण्याच्या औंधमधील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेने तिच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान घेतले.

लम्पीच्या लसीत विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. गुरांच्या लाळ्या-खुरकूत या दुसऱ्या रोगाची लस वेगळी. तिच्यात मेलेला विषाणू तेलात मिसळून देतात, म्हणजे तो अंगात हळूहळू उतरतो आणि शरीर जास्त काळ सावध राहते. तरी हे संरक्षण साधारण 6 महिनेच पुरते. शिवाय या विषाणूचे 7 प्रकार आहेत. भारतात ओ, ए आणि एशिया-1 हे 3 फिरतात, आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला ओळखत नाहीत. म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात आणि डोस वर्षातून दोनदा द्यावा लागतो. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांच्याबरोबर डुकरेही धरली आहेत.

गावात डुकराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण लाळ्या-खुरकूत झालेले डुक्कर श्वासातून गाईबैलापेक्षा कित्येक पट जास्त विषाणू बाहेर टाकते. ज्यांचे पोट वराहपालनावर चालते, त्यांच्यासाठी ही लस जितकी मोलाची, तितकीच ती शेजारच्या गोठ्यासाठीही. डुकराच्या प्रतिकारशक्तीची रचनाही अभ्यासकांना चकित करणारी आहे. इतर सस्तन प्राण्यांच्या लसिकाग्रंथीत जो भाग कडेला असतो, तो डुकरात मध्यभागी असतो, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पेशी मुख्यतः थेट रक्तात शिरतात. काम मात्र तेच, आणि वेळही तितकाच लागतो. डुकरांच्या पारंपरिक स्वाइन फिव्हरवरची जुनी लस सशांच्या शरीरात वाढवावी लागे, त्यामुळे ती नेहमी अपुरी पडे. 2020 मध्ये भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची पेशींवर वाढवलेली लस आली आणि सशांची गरज संपली. त्याच वर्षी ईशान्य भारतात आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फिव्हरवर मात्र आपल्याकडे लस नाही. त्याचा विषाणू परके गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींतच घर करतो आणि पहिली फळीच निकामी करतो.

डुकराचे पिल्लू आणि वासरू यांचे दुखणे सारखेच. दोघांच्याही आईच्या गर्भाशयातून प्रतिपिंडे पोटातल्या जिवाकडे जात नाहीत. जन्मताना ती जवळजवळ शून्य असतात, आणि मिळतात ती चिकातून. आतड्याची भिंत ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात जाऊ देते, पण फक्त पहिल्या 24 तासांत, आणि त्यातही पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. खरवसासाठी चीक बाजूला काढायचाच असेल, तर वासराचे पोट भरल्यावर काढावा. पुढे आईकडून आलेली हीच प्रतिपिंडे लसीलाही शत्रू समजून निष्प्रभ करतात. ती ओसरेपर्यंत थांबावे लागते, म्हणून वासराला लाळ्या-खुरकुताची पहिली लस साधारण चौथ्या महिन्यात देतात आणि महिनाभराने पुन्हा.

लस वाया जाण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली नाही तर ती बिघडते, आणि लाळ्या-खुरकुताची लस गोठली तरी निकामी होते. एकाच सुईने सगळा गोठा टोचला तर रोगच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पोटात जंत असलेले, उपाशी, दमलेले जनावर पुरेशी प्रतिपिंडे बनवू शकत नाही. दोन दिवस ट्रकमध्ये उभा राहिलेला बैल उसाच्या फडावर पोहोचतो, तेव्हा ताणामुळे त्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते, आणि तिथे त्याच्या शेजारी अनेक जिल्ह्यांतली गुरे बांधलेली असतात. लागणीला यापेक्षा सोपी जागा नाही.

बीडच्या गाडीवानांसाठी या साऱ्याचा हिशेब पंचांगातच मांडता येतो. श्रावण अमावास्येचा पोळा ते दसरा हे अंतर 40 तिथींचे. पोळ्याला बैल दावणीला असतो, धुतलेला असतो, सगळ्या गावाच्या नजरेसमोर असतो. त्याच आठवड्यात लस टोचली, तर निघण्याआधी 28 दिवस सहज मिळतात. पोळ्याच्या सुमारास दिलेल्या लाळ्या-खुरकुताच्या लसीच्या पुढच्या डोसची पाळी मात्र फेब्रुवारीच्या अखेरीस येते, आणि तेव्हा टोळी कारखान्याच्या तळावर कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहत असते, गावचा दवाखाना शेकडो किलोमीटर मागे असतो. बैलाच्या कानातल्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक आहे, आणि त्यावरून मागची लस कधी दिली हे कोणत्याही जिल्ह्यातल्या पशुवैद्यकाला पाहता येते. हा दुसरा डोस कारखान्याच्या तळावर, उसाचे वाढे खात उभ्या असलेल्या बैलाला तिथेच मिळायला हवा. ती जबाबदारी कारखाने आणि पशुसंवर्धन विभाग यांनी मिळून हंगामाच्या आखणीतच घेतली पाहिजे.