दीप्ती नवल यांच्या भूमिका कशा पाहाव्यात

अभिनयाचा अभ्यास करताना आपण बहुधा संवाद लक्षात ठेवतो. दीप्ती नवल यांच्या बाबतीत ही सवय जरा बाजूला ठेवा. समोरचा बोलत असताना त्या काय करतात, तिकडे पाहा. सुरुवात सई परांजपे यांच्या 'चष्मे बद्दूर' (१९८१) पासून करू.

दिल्लीत एकत्र राहणारे तीन मित्र. त्यांपैकी ओमी आणि जोमो जवळपास राहणाऱ्या नेहावर छाप पाडायला जातात. दोघांचीही फजिती होते आणि दोघेही परत येऊन आपण कसे जिंकलो याच्या थापा मारतात. या थापा पडद्यावर गाण्यांसकट दिसतात. त्यामुळे दीप्ती नवल यांना एकाच चित्रपटात दोन नेहा उभ्या कराव्या लागल्या. एक त्या मुलांच्या कल्पनेतली, धंदेवाईक हिंदी सिनेमातल्या नायिकेसारखी. दुसरी खरी : गाणे शिकणारी, दारोदार फिरून 'चमको' ही कपडे धुण्याची पावडर विकणारी.

ही खरी नेहा एके दिवशी त्यांच्याच दारात येते. ओमी-जोमो लपून बसतात, दार सिद्धार्थ (फारूख शेख) उघडतो. ती विक्रीचे बोलणे सुरू करते, मळका कपडा मागून धुऊन दाखवते. प्रेमाचा एक शब्द नाही. हात कामात आणि सूर पाठ केलेला. तो सूर किंचित सैल होतो तिथे प्रेमकथा सुरू होते. हा प्रसंग आणि थापांमधले एखादे गाणे लागोपाठ पाहा, अभिनयाच्या दोन शैलींतला फरक वेगळा समजवावा लागणार नाही.

पुढे मित्र सिद्धार्थच्या मनात संशय भरतात आणि तो नेहाला धड काही न विचारता दूर होतो. विनोदाच्या भरात हे निसटते, पण मला हा भाग कधीच हलका वाटलेला नाही. एका मुलीबद्दलचा निकाल मुलांनी आपसात लावून टाकला! वसतिगृहात राहणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.

'कथा' (१९८३) मध्ये फासे उलटे पडतात. श. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरचा हा चित्रपट, दिग्दर्शन पुन्हा सई परांजपे यांचेच. मुंबईच्या चाळीतली संध्या गोडबोल्या बाशूवर विश्वास ठेवते. तो पळून जातो. मग सरळमार्गी राजाराम (नसीरुद्दीन शाह) लग्नाला तयार होतो, तेव्हा ती झालेला प्रकार त्याच्यापासून लपवत नाही. ऐंशीच्या दशकातल्या नायिकेला अशी कबुली सहसा रडून द्यावी लागे. इथे रडारड नाही, म्हणून ती जास्त लागते.

'साथ साथ' (१९८२) मधली गीता तत्त्वनिष्ठ तरुणाशी लग्न करते आणि तो पैशामागे लागलेला बघते. ती भूमिका जरा सरळसोट लिहिली आहे.

केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' (१९८७) मात्र चुकवू नका. त्यात त्या मुखियाची बायको सरस्वती आहेत. मुलीला शाळेत घातले म्हणून नवरा खवळतो. तिचे म्हणणे घरात कोणी ऐकत नाही. शेवटी ती बायकांना घेऊन रस्त्यावर येते आणि थाळ्या बडवते. त्या वेळचा तिचा चेहरा नेहाच्या चेहऱ्याशेजारी ठेवून पाहा.