ऑगस्टात इटली गावी जाते

१५ ऑगस्टच्या सुमारास रोममध्ये किंवा मिलानमध्ये उतरलेल्या पाहुण्याला पहिला धक्का देतात ती बंद दुकानं. बेकरी बंद, न्हावी बंद, कोपऱ्यावरचं घरगुती रेस्तराँही बंद. दारावर फक्त सुट्टीच्या तारखा लिहिलेली चिठ्ठी. हा फेरागोस्तो. इसवी सन पूर्व १८ मध्ये सम्राट ऑगस्टसने सुगीची कामं उरकल्यावरच्या विश्रांतीचे दिवस म्हणून हा सण सुरू केला. पुढे चर्चने याच काळात मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण पाळायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात मुसोलिनीच्या राजवटीने स्वस्त तिकिटांच्या खास गाड्या सोडल्या आणि कामगारांची कुटुंबंही सुट्टीला बाहेर पडू लागली.

शहर रिकामं होतं, मग माणसं जातात कुठे? कुणी समुद्रावर, कुणी डोंगरात. पण कित्येक जण थेट आपल्या मूळ गावी. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतल्या लाखो लोकांनी तोरिनो-मिलानच्या कारखान्यांची वाट धरली. ऑगस्टात कारखाने बंद झाले, की हीच माणसं गाड्या भरभरून दक्षिणेला परतत. गणपतीला निघालेला चाकरमानी ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गावोगावच्या संतांचे उत्सव शतकानुशतकांचे, पण आज त्यांत जीव येतो तो या परतणाऱ्या माणसांमुळे. उत्सव गावाचा, गावासाठी. पर्यटक त्यात आगंतुक, पण नकोसा नव्हे. एवढं ध्यानात ठेवलं, की सहलीची आखणीच बदलते.

नवसाचा जुलै

जुलैतले दोन मोठे उत्सव प्लेगमधून सुटल्याबद्दलचे. व्हेनिसमध्ये १५७५ ते १५७७ या काळात प्लेगने हजारो माणसं नेली. साथ हटली तर चर्च बांधू, असा नवस शहराने केला. आंद्रेआ पाल्लादिओने आराखडा केलेलं रेदेन्तोरे चर्च त्यातून उभं राहिलं. आजही जुलैच्या तिसऱ्या रविवारी जुदेक्काच्या कालव्यावर तरंगता पूल टाकून लोक चालत दर्शनाला जातात. आदल्या रात्री कुटुंबंच्या कुटुंबं कंदिलांनी सजवलेल्या होड्यांत बसून जेवतात आणि आतषबाजी पाहतात. ताटात हमखास असतात ‘सार्दे इन साओर’: तळलेल्या सार्डिन माशांवर परतलेला कांदा, व्हिनेगर, मनुका आणि चिलगोजे. खलाशांचा हा टिकाऊ पदार्थ एक दिवस मुरल्यावरच चवीला येतो.

सिसिलीतल्या पालेर्मोची कहाणी १६२४ च्या प्लेगची. संत रोझालियाच्या अस्थी शहरातून मिरवल्यावर साथ ओसरली, अशी श्रद्धा. १४ जुलैच्या रात्री तिचा भलाथोरला रथ समुद्राकडे निघतो. वाटेत चौकात महापौर त्यावर चढून पालेर्मोचा आणि संत रोझालियाचा जयजयकार करतात. रस्त्यावर लसूण घातलेल्या उकडलेल्या गोगलगायी, कलिंगडाच्या फोडी आणि ‘पानेल्ले’. हे पानेल्ले म्हणजे हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, तळलेल्या पातळ वड्या. पावात घालून खायच्या. शाकाहारी मराठी कुटुंबाने सिसिलीत उपाशी राहायची भीती बाळगू नये. सकाळी बदामाचं किंवा लिंबाचं बर्फाळ ‘ग्रानिता’ आणि सोबत गोडसर ब्रियोश पाव ही तिथली उन्हाळी न्याहारी, मोठ्यांचीसुद्धा.

दीड मिनिटाची शर्यत

सिएनाची पालिओ ही घोड्यांची शर्यत २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते. शहराच्या १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ले प्रत्येक खेपेला धावतात; मोहल्ल्यांची नावं गोगलगाय, हंस, सुरवंट अशी. खोगिराविना तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट. जिंकतो तो घोडा; स्वार वाटेत पडला तरी चालतं. शर्यतीआधी घोड्याला मोहल्ल्याच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात आणि आदल्या रात्री गल्लीत लांबच लांब टेबलं मांडून सगळा मोहल्ला जेवतो. घोड्यांच्या दुखापती आणि मृत्यूंवरून प्राणिप्रेमी दरवर्षी आवाज उठवतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मुख्य दिवशी चौकात तासन्‌तास उन्हात उभं राहण्यापेक्षा आधीच्या दिवसांतले सराव पाहावेत.

जुलैचीच एक वेगळी आठवण उंब्रिया प्रांतात जपली आहे. मोंतोने हे तिथलं टेकडीवरचं छोटं गाव. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यातल्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूची मशीनगनची चौकी जिंकली आणि तिथेच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेत २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. माणगाव तालुक्यातल्या या जवानासाठी मराठी प्रवाशाने वाट वाकडी करायलाच हवी.

मुलांचा उन्हाळा

शाळा जूनच्या पूर्वार्धात सुटतात आणि सप्टेंबरातच भरतात. दुपारी कडक ऊन, म्हणून दिवस खरा सुरू होतो संध्याकाळी. रात्री अकरालाही चौकात मुलं चेंडू खेळताना दिसतात. जेवल्यावर दोन-तीन तास पाण्यात उतरायचं नाही, हा आज्यांचा कायदा किनाऱ्यावर अजून चालतो. १० ऑगस्टच्या, संत लॉरेन्सच्या रात्री मंडळी वाळूत आडवी होऊन उल्का मोजतात. दक्षिणेत एखादा दिवस टोमॅटोचा: तीन पिढ्या अंगणात जमून वर्षाचा रस काढतात, तुळशीच्या जातीचं बेझिल घालून बाटल्या भरतात आणि मोठ्या पिंपात उकळतात. सालेर्नोजवळच्या जिफ्फोनीत १९७१ पासून मुलांचा चित्रपट महोत्सव भरतो. तिथे परीक्षकही मुलंच.

एका पदार्थाची जत्रा

उत्सवाचा सगळ्यांत सोपा आणि आनंदाचा प्रकार म्हणजे साग्रा, एका पदार्थाभोवती भरणारी गावजत्रा. ‘प्रो लोको’ नावाची गावाची स्वयंसेवी संस्था बहुधा ती भरवते. खिडकीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, लांब बाकावर अनोळखी कुटुंबाशेजारी बसायचं. पास्ता आज्यांनी लाटलेला, वाढणारी शाळकरी पोरं, जेवणानंतर अकॉर्डियनवर वॉल्ट्झ आणि पोल्का. उरलेला पैसा गावाच्याच कामाला.

गाव आणि पदार्थ यांची गाठ किती घट्ट असते, ते अमात्रिचेने दाखवलं. ग्वान्चाले म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, पेकोरिनो चीज आणि टोमॅटो यांची ‘अमात्रिचाना’ या गावाची. २४ ऑगस्ट २०१६ च्या पहाटे भूकंपाने गाव भुईसपाट केलं, तेव्हा पन्नासावी साग्रा अवघ्या काही दिवसांवर होती आणि घरं सुट्टीला आलेल्या माणसांनी भरलेली होती. त्या परिसरात सुमारे ३०० जण गेले. त्यानंतर कितीतरी रेस्तराँनी अमात्रिचानाच्या प्रत्येक ताटामागे मदतनिधी बाजूला काढला.

आता साग्रेच्या नावाखाली नुसता धंदा करणारे मेळेही निघाले आहेत. ओळखायची खूण सोपी: जाहिरातीवर पदार्थ एकच, तोही आसपास पिकणारा, आणि वाढणारे एकमेकांना नावाने हाका मारणारे. फुकट राबणारे हे हात गावं ओस पडतील तसे कमी होणार आहेत. म्हणून आठवड्यात पाच शहरं उरकण्याऐवजी एका लहान गावात मुक्काम टाकावा, भिंतीवरची पत्रकं वाचावीत आणि जिथे गावकरी रांग लावून उभे असतील, तिथे आपणही रांगेत उभं राहावं.