दिवा कुणाकडे, डोळा कुणाकडे?
वर्गातल्या डिजिटल पडद्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अणदूरला खंडोबाच्या नावाने भंडारा उधळला जातो, तेव्हा एक गोष्ट पाहण्यासारखी असते. कुठल्याशा फटीतून आत आलेली उन्हाची तिरीप एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. त्या पिवळ्या धुळीत मात्र ती दांडीसारखी उभी दिसते. प्रकाश आधीपासून तिथेच होता, धुळीमुळे तो नजरेला आला इतकंच.

वर्गातल्या डिजिटल पॅनेलपुढूनही असाच प्रकाश सतत धावत असतो. फरक एवढाच की तो भंडाऱ्यातसुद्धा दिसणार नाही. न दिसणाऱ्या गोष्टीभोवती समजुती लवकर जमतात. 2019 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ सुरू केलं. कुठे सरकारी योजनेतून, तर कुठे लोकवर्गणीतून खेड्यापाड्यांतल्या शाळांत असे पडदे आले. पण पेन हरवला म्हणून किंवा रेघा आपोआप उमटतात म्हणून पडद्यावर कापड टाकून ठेवलं, तर नुकसान मुलांचं होतं. ते टाळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. एकच प्रश्न विचारायचा: दिवा कुणाकडे आणि डोळा कुणाकडे?

गैरसमज 1 : पॅनेलच्या पेनात दिवा असतो. पेन हरवला की पॅनेल निकामी.

वस्तुस्थिती : शाळांमधल्या बहुतेक मोठ्या पॅनेलच्या पेनात काहीच नसतं. सेल नाही, दिवा नाही, वायरही नाही. दिवा आणि डोळा हे दोन्ही पडद्याच्या चौकटीत असतात. चौकटीच्या दोन बाजूंना बारीक एलईडींची रांग असते आणि समोरच्या दोन बाजूंना प्रकाश ओळखणारे सेन्सर. एलईडींतून निघणारे अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण काचेच्या किंचित वरून आडवे-उभे धावतात. बोट किंवा पेन मध्ये आलं की एक आडवा आणि एक उभा किरण अडतो. ते दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात, तिथे रेघ उमटते.

म्हणजे हे पॅनेल स्पर्श ओळखत नाही, अडथळा ओळखतं. म्हणून बोट चालतं, हातमोजा घातलेलं बोट चालतं, गुळगुळीत टोकाची काडीही चालते. काही पेनांची दोन टोकं दोन रंगांत लिहितात, तेव्हाही पॅनेल बहुधा टोकाची जाडी मोजत असतं. पेन हरवला तर बोटाने लिहा, तास थांबवू नका.

गैरसमज 2 : हे म्हणजे मोठा मोबाइलच.

वस्तुस्थिती : मोबाइलच्या काचेला स्पर्श कळण्यात प्रकाशाचा संबंध नसतो. तिथे बोटामुळे विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल मोजला जातो. म्हणून साध्या हातमोज्याने मोबाइल सहसा चालत नाही, वर सांगितलेलं पॅनेल मात्र चालतं. उलट मोबाइलवर सदऱ्याची बाही घासली तरी बिघडत नाही, पण पॅनेलवर लिहिताना बाईंच्या पदराची कड काचेजवळ आली की तिथेही रेघ उठते. पॅनेलच्या हिशोबाने पदर हाही अडथळाच.

गैरसमज 3 : आपोआप रेघा उमटल्या म्हणजे पॅनेल बिघडलं.

वस्तुस्थिती : अनेकदा कारण साधं असतं. चौकटीच्या आतल्या कडेला धूळ किंवा खडूची भुकटी साचली, कोळ्याने जाळं विणलं, की किरण कायमचा अडतो. पॅनेलला वाटतं, कुणीतरी बोट ठेवून उभं आहे. बंद करून, मऊ कोरड्या कापडाने चारी कडा आतून पुसल्या की पुष्कळदा काम भागतं.

दुसरं कारण ऊन. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात. ते थेट सेन्सरवर पडले की डोळा दिपतो आणि एलईडीचा बारीक किरण त्याला वेगळा ओळखू येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. त्या वेळी सूर्य पूर्वेला खाली असतो आणि उन्हाची तिरीप खिडकीतून थेट पश्चिमेच्या भिंतीवर जाते. पॅनेल तिथेच असेल तर सकाळी अडखळतं आणि दुपारी नीट चालतं. अशा वेळी दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी खिडकीला पडदा लावून पाहावा.

गैरसमज 4 : ‘लाइट पेन’ म्हणजे प्रकाश टाकणारा पेन.

वस्तुस्थिती : संगणकाच्या इतिहासातल्या लाइट पेनचं काम नेमकं उलट होतं. दिवा पडद्यात होता, डोळा पेनात. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत ‘व्हर्लविंड’ संगणकाच्या पडद्यावरचा ठिपका निवडण्यासाठी असं साधन वापरलं गेलं. 1963 मध्ये तिथेच आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ तयार करून पेनाने थेट पडद्यावर आकृत्या काढून दाखवल्या.

पुढच्या काळातल्या लाइट पेनांची युक्ती जुन्या डबा टीव्हीच्या काचनळीत आहे. तिच्यात चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रंगवत जातो. दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं आणि दर चित्राला 625 ओळी, म्हणजे एका ओळीला 64 मायक्रोसेकंद. पेनाखालचा ठिपका उजळला की पेन त्या क्षणी संगणकाला खूण देतो आणि संगणक वेळेवरून जागा काढतो. 1990 च्या दशकात टीव्ही गेमच्या बंदुकीने ज्यांनी बदकं टिपली, त्यांच्या हातातही असाच डोळा होता. त्या बंदुकीतून काहीही सुटत नव्हतं. आजच्या एलसीडी पडद्यात असा धावता झोत नाही, म्हणून ती बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही.

गैरसमज 5 : मग प्रकाश टाकणारा पेन नसतोच.

वस्तुस्थिती : असतो. तो बहुधा प्रोजेक्टरबरोबर येतो. टोक भिंतीवर दाबलं की पेनातला अवरक्त एलईडी लागतो आणि प्रोजेक्टरमधला किंवा शेजारचा कॅमेरा तो ठिपका टिपतो. इथे दिवा पेनात, डोळा कॅमेऱ्यात आणि भिंत नुसती भिंत. 2007 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या जॉनी चुंग ली यांनी खेळण्याच्या ‘वी’ रिमोटमधला कॅमेरा वापरून असा फळा अगदी स्वस्तात करून दाखवला. या प्रकारात सेल संपला की लिखाण थांबतं. पेन आणि कॅमेरा यांच्या मध्ये गुरुजींची पाठ आली तरी थांबतं. प्रोजेक्टर जरा हलला, तर खुणा पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात.

गैरसमज 6 : पडद्याला स्वतःला प्रकाश दिसूच शकत नाही.

वस्तुस्थिती : दिसू शकतो. एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्यामागे सिलिकॉनचा सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. त्याच्यावर प्रकाश पडला की विजेची गळती वाढते. नेहमीच्या पडद्यात ही गळती त्रासदायक ठरते, म्हणून ट्रान्झिस्टर काळ्या थराखाली झाकतात. प्रकाशसंवेदी पॅनेलमध्ये काही ट्रान्झिस्टर मुद्दाम उघडे ठेवतात. त्यांच्याजवळचा विद्युतभार प्रकाशाने किती उतरला, हे ओळीओळीने वाचलं की पेनाचा उजेड कुठे पडला ते कळतं. दिवा पेनात आणि डोळे पडद्यात, तेही हजारोंनी.

शार्प कंपनीने 2007 मध्ये असे सेन्सर अंगात असलेला छोटा एलसीडी दाखवला. त्यानंतर सॅमसंग आणि मायक्रोसॉफ्टचं ‘एसयूआर40’ हे 40 इंची टेबल आलं. त्यात पडद्याच्या मागून येणारा अवरक्त प्रकाश बोटावर आपटून परततो आणि ठिपक्यांतले सेन्सर तो पाहतात. पण खोलीतला उजेड हीच त्याची मोठी अडचण ठरली. शिवाय प्रत्येक सेन्सर ठिपक्यातली जागा खातो आणि खर्च वाढवतो. तरीही या तंत्राची एक खुबी विसरू नये: उजेड लांबूनही पोहोचतो. मागच्या बाकावरून झोत टाकूनही पडद्यावर खूण करता येते. पेन ठरावीक तालात उघडझाप करणारा असेल तर त्याचा प्रकाश खोलीतल्या उजेडापासून वेगळा काढता येतो आणि कुणाचा पेन कुठला हेही कळतं.

गैरसमज 7 : हे किरण मुलांच्या डोळ्यांना घातक आहेत.

वस्तुस्थिती : चौकटीतले आणि पेनातले एलईडी टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात त्याच जातीचे, कमी शक्तीचे असतात. लेझर पॉइंटरची गोष्ट मात्र वेगळी. तो कुणाच्याही डोळ्यांवर कधीही धरू नये.

शेवटी एक प्रयोग, जो कुठल्याही शाळेत फुकट करता येईल. टीव्हीचा रिमोट किंवा प्रोजेक्टरचा पेन मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा किंवा टोक टेकवा. पुढचा कॅमेरा घेतला तर बरं, कारण अनेक फोनांत त्याची अवरक्त गाळणी सौम्य असते. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, मोबाइलच्या पडद्यावर मात्र जांभळट ठिपका लुकलुकतो. पेनात दिवा आहे की नाही, हे त्या क्षणी मुलांनाच कळतं. पुस्तकात ‘अवरक्त’ हा शब्द पाठ करणारी मुलं तेव्हा तो प्रकाश पहिल्यांदा पाहतात.