तीन सोनोग्राफ्या, तीन तारखा

परंडा तालुक्यातली गरोदर बाई तपासणीला येते तेव्हा माता-बाल संरक्षण कार्डासोबत तिच्याकडे कधी दोन, कधी तीन सोनोग्राफीचे कागद असतात आणि प्रत्येकावर प्रसूतीची तारीख वेगळी असते. घरची माणसं सगळ्यांत नवा कागद खरा धरतात. बाळ आता मोठं झालंय, म्हणजे मशीनला नीट दिसत असणार, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब उलटा आहे. तारखेच्या बाबतीत बहुधा सगळ्यांत जुना कागदच जास्त विश्वासाचा असतो, आणि ही गोष्ट ध्यानात न आल्यास बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

मुळात तारीख निघते ती पाळीवरून. एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञामुळे रूढ झालेली रीत आजही चालते: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 9 महिने 7 दिवस मिळवायचे, म्हणजे साधारण 280 दिवस. आपल्याकडचे 'नऊ महिने नऊ दिवस' त्याच्या अगदी जवळ येतात. घोळ होतो तो मोजणी कुठून सुरू करायची यात. अनेक घरांत पाळी चुकली त्या दिवसापासून दिवस धरतात. समजा, पाळी 2024च्या पोळ्याला, म्हणजे 2 सप्टेंबरला आली. मग तारीख 9 जून 2025 ठरते. चुकलेल्या पाळीपासून मोजलं तर तीच जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाते. चार आठवड्यांचा हा फरक म्हणजे दिवस भरून गेलेल्या बाईला अजून वेळ आहे असं सांगण्यासारखं आहे. तारीख आठवत नसेल तर सण आठवावा. पंचमीच्या आधी की नंतर, एवढं सांगितलं तरी आशाताईंना कॅलेंडरवर दिवस शोधता येतो.

ही रीत 28 दिवसांची नियमित पाळी गृहीत धरते. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर तारीख साधारण आठवडाभर पुढे जाते. पाळी अनियमित असेल, किंवा पहिलं मूल अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस राहिले असतील, तर पाळीचा हिशेब लागतच नाही. तिथे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी कामी येते. त्या काळात सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात, त्यामुळे गर्भाच्या लांबीवरून काढलेलं वय फार तर पाच-सात दिवसांनी चुकतं. पुढे आईबापांची ठेवण, आईचं पोषण, रक्तदाब यांचा परिणाम वाढीवर होऊ लागतो आणि सातव्या महिन्यानंतर हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. मशीन माप घेतं आणि सरासरी बाळ या मापाचं कधी असतं ते छापतं. एवढ्याने तारीख बदलत नाही. खरा धोका इथेच आहे. पोटात वाढ खुंटलेलं बाळ नवव्या महिन्यात लहान दिसतं, कागदावर तारीख पुढची येते, घरचे म्हणतात अजून दिवस भरले नाहीत, आणि ज्या बाळाकडे ताबडतोब लक्ष द्यायला हवं त्याचा आजारच झाकला जातो. म्हणून सुरुवातीला नीट ठरवलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते.

कुणी विचारेल, शंभरातली चार-पाचच बाळं नेमक्या तारखेला जन्मतात, मग एवढा आटापिटा कशाला? बाळ त्या दिवशी यावं अशी अपेक्षाच नसते. 37 आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढे कधीही कळा सुरू होणं स्वाभाविक आहे. पण कळा लवकर आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन द्यायचं की नाही, 41 आठवडे झाल्यावर कळा आणायच्या का, हे आठवड्यांवरूनच ठरतं. मुहूर्त पाहून सिझेरियन मागणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं: वैद्यकीय कारण नसताना 39 आठवड्यांआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि तारीखच चुकलेली असेल तर 39वा म्हणून धरलेला आठवडा 36वा निघू शकतो.

'आमच्या वेळी कुठे होत्या तारखा?' हा सासूबाईंचा प्रश्न खोटा नाही, पण अपुरा आहे. त्याही तिथीवरून मोजत होत्याच. आणि त्या काळी किती बाळं आणि बाळंतिणी दगावत, हेही त्यांना ठाऊक असतं. आज मोजणीची सगळ्यांत जास्त गरज आहे ती या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, आणि कळा सुरू होतात तेव्हा समोर अनोळखी दवाखाना असतो. तिथल्या डॉक्टरला तिची पाळी, तिची पहिली तपासणी यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून टोळी निघण्याआधी नाव नोंदवावं, पाळीची तारीख कार्डावर लिहून घ्यावी, तीन महिन्यांच्या आतली सोनोग्राफी करावी आणि तो पहिला कागद कार्डाला टाचून सोबत न्यावा.