ओट्याचे दोन दगड

माझे बाबा फरशीकाम करतात. त्यांच्या पिशवीत उरलेले तुकडे नेहमी असतात. त्यातले दोन मी शाळेत आणलेत. भित्तिपत्रकाखाली बाकावर ठेवले आहेत. हात लावून बघा, पण घरी नेऊ नका.

एक करडा-पांढरा, काळ्या ठिपक्यांचा. दुसरा काळाकुट्ट. बाबा दोघांनाही ग्रॅनाइट म्हणतात, दुकानातही तसंच म्हणतात. पण बाईंनी मला भिंग दिले आणि म्हणाल्या, "नीट बघ, दोघं एकच आहेत का?"

पांढऱ्यात तीन प्रकारचे कण दिसले. काचेसारखे कण म्हणजे गारगोटी. दुधट ते फेल्डस्पार. काळे चकचकीत पापुद्रे अभ्रकाचे. हा खरा ग्रॅनाइट. काळ्यात मी दोन दिवस गारगोटी शोधली, सापडलीच नाही. त्यात काळे पायरॉक्सीन आणि करडे फेल्डस्पार एकमेकांत घट्ट बसले आहेत. त्याचे नाव गॅब्रो. दुकानातला काळा ग्रॅनाइट बहुतेक गॅब्रो असतो, नाहीतर त्याचाच बारीक कणांचा भाऊ डोलेराइट.

दोन्ही अग्निजन्य खडक आहेत. जमिनीत खूप खोल शिलारस अगदी सावकाश थंड झाला, म्हणून कण मोठे झाले. खडीसाखरेचा पाक सावकाश निवला की खडे मोठे होतात ना, तसेच. आपल्या तुंगारेश्वरचा आणि जीवदानीच्या डोंगराचा काळा दगड बसाल्ट आहे. गॅब्रो आणि बसाल्ट एकाच जातीच्या रसाचे. पण बसाल्टचा रस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वर आला आणि लवकर थंड झाला. म्हणून त्याचे कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना बहुतेक दिसत नाहीत. म्हणजे गॅब्रो आपल्या डोंगराचा भाऊबंद आणि ग्रॅनाइट पाहुणा! ग्रॅनाइट नांदेडकडे आहे, कर्नाटकात तर पुष्कळ. गॅब्रो गुजरातेत गिरनार डोंगरात आहे. आजी गिरनारच्या सगळ्या पायऱ्या चढून आली, पण दगड बघितला नाही म्हणते.

मग मी बाबांकडून दोन्ही तुकडे सारख्या मापाचे कापून घेतले, 10 सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद. वाण्याच्या तराजूवर पांढरा 480 ग्रॅम भरला, काळा 530 ग्रॅम. गॅब्रोत लोह जास्त असते, म्हणून तो जड. मला वाटले बाबा रागावतील. पण ते म्हणाले, "काळी लादी जड, हे खांद्याला माहीतच होतं गं. नाव तेवढं नव्हतं माहीत."

आता महत्त्वाचे. ग्रॅनाइट कापताना गारगोटीची बारीक धूळ उडते. ती श्वासातून फुप्फुसात गेली की तिथेच बसते. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. गॅब्रोत गारगोटी जवळजवळ नसते, तरी धूळ ती धूळच. बाबा तोंडाला नुसता रुमाल बांधायचे. रुमालातून बारीक धूळ आत जाते, असं बाईंनी सांगितलं. ते मी घरी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा बाबा हसले.

आता ते पाण्याची धार सोडूनच कापतात आणि जाड मास्क लावतात. अंगणात पांढरा चिखल होतो. आई मलाच ओरडते.