चिप आली, पण अवजारांचे काय?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत गाळ्यागाळ्यांतून कारखाने चालतात. साचा ज्याच्या हाती, धंदा त्याच्या हाती, हे तेथील कोणताही कारागीर सांगेल. नेमका हाच नियम चिप नामक वस्तूलाही लागू आहे. परंतु त्याची जाणीव आपल्या धोरणात अभावानेच दिसते.

माझा एक माजी विद्यार्थी अशाच एका गाळ्यात यंत्रांचे नियंत्रक तयार करतो. त्यातील चिप आजही बाजारात मिळते. परंतु तिची आज्ञावली ज्या साधनाने सिद्ध होत असे, ते चिप विकणाऱ्या कंपनीने बंद केले आणि नव्या संगणकावर ते चालत नाही. परिणामी एक जुना, खिळखिळा संगणक त्याने जिवापाड जपून ठेवला आहे. तो मोडला की गिऱ्हाइकाने सांगितलेली साधी दुरुस्तीही अशक्य होईल.

हे साधन म्हणजे तरी काय? माणसाने लिहिलेल्या आज्ञा चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आणि तयार झालेले तुकडे योग्य क्रमाने, योग्य जागी जोडणारा ‘बिल्ड’चा सरंजाम. आजच्या गुंतागुंतीच्या चिपमध्ये भिन्न जातींचे अनेक प्रोसेसर एकत्र नांदतात. प्रत्येकाची आज्ञावली निराळी. त्यांचा मेळ चुकला तर यंत्र सुरूही होत नाही.

पवईच्या आयआयटीने 2019 साली ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर जाहीर केला. तो मोहालीच्या सरकारी कारखान्यात घडवला गेला. त्यासाठी ‘स्पार्क’ ही खुली, पूर्वपरिचित आज्ञारचना निवडली गेली. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या ‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरच्या पुढील आवृत्त्यांना ती अवगत असल्याने कोऱ्या पाटीवरून आरंभ करण्याची गरज उरली नाही. याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांनी या कंपायलरचे अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. म्हणजे विद्येची वाण येथे नाही.

वाण आहे ती देखभालीच्या पैशाची. असा मुक्त सरंजाम ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. एकाने वापरली म्हणून ती दुसऱ्यास कमी पडत नाही. आणि म्हणूनच तिच्या डागडुजीचा भार स्वखुशीने उचलण्यास फारसे कोणी पुढे येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चिपचा आराखडा करण्याची महागडी साधने सी-डॅकच्या केंद्रामार्फत शिक्षणसंस्थांना मिळू लागली, हेही स्वागतार्हच. परंतु चिप घडविणे वेगळे आणि ती वर्षानुवर्षे चालती ठेवणे वेगळे.

चिप विकणाऱ्या अनेक कंपन्या ही साधने फुकट देतात, मग सरकारने खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जाईल. पण फुकट मिळणे आणि स्वत:च्या हाती असणे यांत महदंतर आहे; माझ्या विद्यार्थ्यालाही ते साधन फुकटच मिळाले होते!

तेव्हा सरकारी पैशातून साकारणाऱ्या प्रत्येक चिपसोबत तिचा बिल्डचा सरंजाम खुला असावा आणि किमान पंधरा वर्षे त्याच्या देखभालीची तरतूद व्हावी, अशी अट घातली पाहिजे. आमच्या महाविद्यालयांनीही केवळ आज्ञावली लिहिण्यावर न थांबता हा सरंजाम उभारण्याचे व सांभाळण्याचे शिक्षण दिले पाहिजे. अन्यथा चिपवर ठसा आपला राहील आणि साचा मात्र परक्याचाच!